आधी वहीत, मग पडद्यावर

सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न असा आहे: शाळेत १२ जुने संगणक आणि एक प्रोजेक्टर आहे, इंटरनेट कधी असतं, कधी नसतं. अवकाशाचं सिम्युलेशन लावलं की मुलं खूश होतात, ग्रह एकमेकांवर आपटतात, तास संपतो. दुसऱ्या दिवशी ‘उपग्रह खाली का पडत नाही?’ विचारलं की उत्तर पुन्हा तेच, ‘वर गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून.’ मग या सॉफ्टवेअरचा उपयोग तरी काय, आणि वापरायचंच तर कुठलं वापरावं?

बाई, हे सगळं मी पण वर्षानुवर्षं पाहत आले आहे. मुलांना खगोल शिकवण्यात माझी १८ वर्षं गेली, आणि त्यात एक गोष्ट पक्की झाली. बटण दाबायच्या आधी ‘आता काय होईल’ हे मुलानं स्वतःच्या हातानं वहीत लिहिलं नसेल, तर पडद्यावरचं दृश्य नुसतं डोळ्यांपुढून जातं. लिहिलं असेल आणि ते चुकलं, तर तो तास त्याच्या कायमचा लक्षात राहतो. सॉफ्टवेअर कुठलं, हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

माझं नेहमीचं उदाहरण सांगते. कोलोरॅडो विद्यापीठाचा ‘फेट’ नावाचा प्रकल्प आहे. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी तो २००२ साली सुरू केला. त्यातली सिम्युलेशन्स फुकट आहेत, अनेकांचं मराठी भाषांतर झालेलं आहे आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेट लागत नाही. त्यातलं गुरुत्वाकर्षण आणि कक्षांचं सिम्युलेशन उघडायचं. सूर्याभोवती पृथ्वी शांतपणे फिरते आहे. ते थांबवून विचारायचं, ‘सूर्याचं वस्तुमान या क्षणी दुप्पट झालं तर पृथ्वीचं काय होईल? चित्र काढा.’ दोन मिनिटं कुणाशी बोलायचं नाही.

जवळजवळ सगळ्या वह्यांत सूर्यात जाऊन पडणारी पृथ्वी दिसते. मग सरकपट्टी ओढायची. पृथ्वी सूर्याकडे झेपावते, वर्गात ‘गेली, गेली’ असा आवाज होतो, आणि ती सूर्याला वळसा घालून सरळ बाहेर निघून येते. जिथून निघाली होती त्याच अंतरावर पोचते आणि पुन्हा आत वळते. वर्तुळाची लंबवर्तुळ कक्षा झालेली असते. एका वर्गात पहिल्या बाकावरची एक मुलगी तीन वेळा उठून पडद्याजवळ आली, तिला वाटलं मी काहीतरी परत चालू केलं.

या जागी घाई करू नका, अर्धा तास गेला तरी चालेल. ती परत का आली? आत येताना तिचा वेग वाढत गेला. सूर्यापासूनचं तिचं अंतर पहिल्याच्या एक तृतीयांश उरतं तेव्हा वेग तिप्पट झालेला असतो, सेकंदाला ३० किलोमीटरऐवजी ९०. एवढ्या वेगानं आडवी धावणारी वस्तू सूर्यात पडणार कशी? दहावीच्या मुलांना आकडेही काढता येतात. नव्या कक्षेचा अर्धदीर्घ अक्ष (लंबवर्तुळाच्या लांब व्यासाचा निम्मा भाग) जुन्याच्या दोन तृतीयांश, आणि वर्ष ३६५ दिवसांवरून साधारण १४१ दिवसांवर येतं. केप्लरचा तिसरा नियम (कालावधीचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो) परीक्षेत पाठ म्हणून लिहिणारी मुलं इथे तो पहिल्यांदा वापरतात.

लगेच उलटा प्रश्न. वस्तुमान निम्मं केलं तर? आता मुलं शहाणी झालेली असतात, लिहितात ‘मोठी लंबवर्तुळ कक्षा.’ पृथ्वी मात्र निघून जाते, परतच येत नाही. कारण कुठल्याही ठिकाणचा मुक्तिवेग, म्हणजे ओढीतून कायमचं सुटायला लागणारा वेग, हा तिथल्या वर्तुळाकार कक्षेच्या वेगाच्या १.४१ पट असतो. सूर्य निम्मा झाला की त्या जागचा मुक्तिवेग नेमका पृथ्वीच्या आत्ताच्या वेगाएवढाच उरतो. मुक्तिवेगाचं सूत्र फळ्यावर लिहायची खरी वेळ ही. एक तास, दोन सरकपट्ट्या, दोन चुकलेले अंदाज. याहून जास्त एका तासात कोंबू नये.

तुमच्या उपग्रहाच्या प्रश्नाचं उत्तरही याच सिम्युलेशनमध्ये आहे. पृथ्वी आणि उपग्रह निवडा, गुरुत्वाकर्षण चालू-बंद करायची सोय दिलेली आहे. आधी लिहायला लावा: ‘वर गुरुत्वाकर्षण नसतं’ हे खरं असेल, तर ते बंद केल्यावर काहीच बदलायला नको. बंद करा. उपग्रह स्पर्शरेषेनं सरळ निघून जातो. मग चालू ठेवून उपग्रहाचा वेग शून्य करा, तो खाली येतो. दोन्ही दाखवल्यावरच आकडा सांगायचा: ४०० किलोमीटर उंचीवर, जिथे अंतराळ स्थानक फिरतं, तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळपास ८८ टक्के असतं. आकडा आधी सांगितला तर मुलं तो पाठ करतात आणि जुनी समजूतही शेजारी तशीच ठेवून देतात.

आता सॉफ्टवेअर कुठलं. माझ्या मते दोन जाती ओळखता आल्या की निम्मं काम झालं. एक जात पंचांगाची, दुसरी प्रयोगशाळेची. स्टेलेरियम आणि सेलेस्टिया ही पंचांगं. ग्रह कुठल्या क्षणी कुठे असेल हे आधीच बसवलेल्या गणितानं ती काढतात आणि फार अचूक काढतात. त्यांना ‘असं झालं तर?’ विचारता येत नाही, कारण त्यांच्यात ग्रह एकमेकांना ओढत नाहीत. फेट आणि युनिव्हर्स सँडबॉक्स या प्रयोगशाळा. तिथे प्रत्येक क्षणी बल काढलं जातं, वेग बदलतो, वस्तू पुढे सरकते. आज रात्री गुरू कुठे दिसेल हे पंचांगाला विचारावं आणि चंद्र दुप्पट जड असता तर काय हे प्रयोगशाळेला. या दोन प्रश्नांची गल्लत झाली की शिक्षकही गोंधळतो. युनिव्हर्स सँडबॉक्स विकत घ्यावं लागतं आणि त्याला बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागतं, तुमच्या यंत्रांवर ते चालणार नाही. त्याची हळहळ करू नका. स्टेलेरियम आणि फेट एवढ्या भांडवलावर दोन वर्षांचा खगोल शिकवता येतो.

स्टेलेरियमवर मी सगळ्यात जास्त कशासाठी विसंबते, तर वक्री मंगळासाठी. ‘वक्री’ हा शब्द आपल्या मुलांनी घरी ऐकलेला असतो, बहुतेक वेळा कुणाच्या तरी पत्रिकेच्या संदर्भात. म्हणजे शब्द ओळखीचा, अर्थ धूसर. वक्री म्हणजे ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर उलटा जाताना दिसणारा. ओव्हरहेड प्रोजेक्टरला वापरायचे तसले पारदर्शक कागद स्टेशनरीच्या दुकानात अजून मिळतात. तो कागद मॉनिटरवर चिकटपट्टीनं लावायचा. तारीख १ नोव्हेंबर २०२४. ‘जी’ दाबून जमीन घालवायची, ‘ए’ दाबून वातावरण घालवायचं, म्हणजे दिवसाही तारे दिसतात. कंट्रोल आणि ‘एम’ एकत्र दाबून विषुववृत्तीय मांडणी घ्यायची, पुनर्वसूतला एक तारा निवडून स्पेसबारनं मधोमध धरायचा. आता तारे जागचे हलणार नाहीत. मार्करनं मंगळाच्या जागी ठिपका, शेजारी तारीख. उजवा चौकटी कंस दाबला की तारीख आठवडाभर पुढे जाते. पुन्हा ठिपका.

पहिले पाच-सहा ठिपके पूर्वेकडे सरकतात, पण अंतर कमी कमी होत जातं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मंगळ थबकतो. मग मागे फिरतो. १६ जानेवारी २०२५ ला प्रतियुती, म्हणजे सूर्य आणि मंगळ पृथ्वीच्या बरोबर विरुद्ध बाजूंना, तेव्हा तो सगळ्यात तेजस्वी आणि मागे जाण्याचा वेगही सगळ्यात जास्त. फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा थबकतो आणि पुढची वाट धरतो. एप्रिलपर्यंत कागदावर एक फास तयार होतो. तो कागद मुलं मॉनिटरवरून सोडवून हातात घेतात, तेव्हा त्यांच्या हातात स्वतः केलेलं निरीक्षण असतं. नंतर सूर्यमाला वरून दाखवायची: आतल्या कक्षेतली वेगवान पृथ्वी बाहेरच्या संथ मंगळाला गाठून पुढे जाते. घाटात आपली एसटी मालट्रकला ओलांडते तेव्हा लांबच्या डोंगराच्या पार्श्वभूमीवर ट्रक मागे गेल्यासारखा वाटतो, तसंच. मंगळ मागे गेलेला नसतो. पुढची प्रतियुती १९ फेब्रुवारी २०२७ ला आहे, तेव्हा हीच मुलं अंगणातून खरा फास बघू शकतील.

चंद्रासाठी मी घरातलीच दिनदर्शिका मागवते. तिच्यात रोजचं नक्षत्र छापलेलं असतं. २७ नक्षत्रं म्हणजे प्रत्येकाला १३ अंश २० कला, आणि चंद्र दिवसाला साधारण १३ अंश सरकतो. मुलं ‘=’ दाबून एकेक दिवस पुढे जातात आणि छापलेलं नक्षत्र ताऱ्यांशी ताडून बघतात. काही वेळा चंद्र त्या नक्षत्राच्या ठळक ताऱ्यापासून जरा बाजूला असतो. ते का, यावर चांगली चर्चा होते: नक्षत्र म्हणजे आकाशाचा समान वाटा, आणि त्याच्या खुणेचा तारा त्या वाट्यात मधोमधच असेल असं नाही.

दहावीला गुरूचे चंद्र. हा प्रयोग मला सगळ्यांत प्रिय आहे, कारण यात मुलं प्लॅस्टिकची पट्टी घेऊन ग्रहाचं गणित करतात. गुरू निवडून मोठा करायचा, पट्टीनं पडद्यावर त्याचा व्यास मोजायचा आणि प्रत्येक चंद्र जास्तीत जास्त किती व्यास लांब जातो ते शोधायचं. वेळ पुढेमागे करून परत त्याच टोकाला यायला किती दिवस लागले तेही. आयो २.९५ व्यास, १.७७ दिवस. युरोपा ४.६९ व्यास, ३.५५ दिवस. गॅनिमीड ७.४९ आणि ७.१५. कॅलिस्टो १३.१७ आणि १६.६९. आता कालावधीचा वर्ग भागिले अंतराचा घन. चौघांचंही उत्तर ०.१२२. मुलांची मोजमापं थोडी इकडेतिकडे असतात, ०.११ येतं, ०.१३ येतं. ते खोडायला लावू नका. पट्टीनं पडद्यावर मोजून चार वेगवेगळे चंद्र एकाच आकड्याशी येऊन थांबतात, यातलं नवल त्या किरकोळ फरकांमुळे कमी होत नाही. गॅलिलिओनं हे चंद्र जानेवारी १६१० मध्ये पाहिले, तेव्हा केप्लरचा तिसरा नियम प्रसिद्धही झालेला नव्हता.

ताऱ्यांच्या रंगाबद्दल थोडक्यात. लाल म्हणजे गरम, निळा म्हणजे थंड, हे मुलं नळाच्या खुणांवरून शिकून आलेली असतात. फेटमध्ये कृष्णवस्तूच्या वर्णपटाचं सिम्युलेशन आहे, म्हणजे तापलेली वस्तू कुठल्या रंगाचा प्रकाश किती देते त्याचा आलेख, तापमान वाढवलं की आलेखाचं शिखर सरकतं. काक्षी हा तारा साधारण ३५०० केल्विन, सूर्य ५७७२, व्याधाचा तारा जवळपास ९९००. आधी लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आठवायला सांगा, ते आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं. हमखास येणारा प्रश्न असा: सूर्याचं शिखर ५०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्यात, मग सूर्य हिरवा का नाही? उत्तर आलेखातच दिसतं. शिखर हिरव्यात असलं तरी लाल आणि निळा प्रकाशही भरपूर आहे आणि सगळे मिळून डोळ्याला पांढरा वाटतो.

कृष्णविवरावर मुलं तुटून पडतात, म्हणून त्याची एकच गोष्ट नीट करा. सूर्याच्या जागी सूर्याएवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं तर पृथ्वी गिळली जाईल का? वहीत लिहा. वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, फेटमधल्या त्याच कक्षेकडे पुन्हा बघायचं. वस्तुमान तेच, अंतर तेच, म्हणजे बल तेच आणि कक्षाही तीच. अंधार होईल, गारठून जाऊ, पण पृथ्वी फिरतच राहील. त्या विवराचा व्यास जेमतेम ६ किलोमीटर असेल, तुमच्या गावाच्या शिवारात मावेल एवढा.

टकरींचंही तसंच. मुलांना टक्कर हवीच असते, तर ती ऊर्जेच्या हिशेबासाठी वापरा. सेकंदाला २० किलोमीटर वेगानं आलेल्या एक किलो दगडात एक किलो टीएनटी या स्फोटकाच्या ४५ पटींहून जास्त ऊर्जा असते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट. हे गणित केल्यावर बेसाल्टच्या कठीण कातळात लोणारचं पावणेदोन किलोमीटर रुंद विवर कसं पडलं, ते मुलांना पटतं.

आता जे सांगणार आहे ते फारसं कुणी सांगत नाही, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पडदा खोटंही बोलतो, आणि कुठे बोलतो हे मुलांना दाखवणं आपलं काम आहे. ग्रह दिसावेत म्हणून त्यांचे आकार फुगवलेले असतात. फेटमध्ये फुगवलेलं प्रारूप आणि खऱ्या प्रमाणातलं प्रारूप असे दोन भाग आहेत. पहिल्यावर काम झालं की दुसरं उघडा, पृथ्वी नाहीशी होते आणि वर्ग गप्प होतो. दुसरं खोटं काळाच्या पावलाचं. प्रयोगशाळेच्या जातीचं सॉफ्टवेअर काळ सलग चालवत नाही, छोट्या छोट्या उड्या मारत जातं. घाईनं वेग वाढवला की उड्या मोठ्या होतात, चंद्र पृथ्वीला सोडून भरकटू शकतो आणि मूल लिहितं, ‘काही वर्षांनी चंद्र निघून जातो.’ तो दोष गणिताच्या पद्धतीचा असतो, निसर्गाचा नसतो.

यावर माझा इलाज असा, की दहावीच्या तयारीच्या मुलांकडून सिम्युलेशनच तयार करून घ्यायचं. साधं स्प्रेडशीट पुरतं. अंतर खगोलीय एककात (पृथ्वी-सूर्य अंतर म्हणजे १), काळ वर्षात. सूर्याच्या गुरुत्वाचा स्थिरांक मग ३९.४८ येतो. पृथ्वी १ एककावर, आडवा वेग ६.२८३. पाऊल ०.०१ वर्षाचं, म्हणजे साडेतीन दिवसांहून थोडं जास्त. प्रत्येक ओळीत त्वरण काढा, जुन्या वेगानं जागा बदला, मग वेग बदला, आणि सूत्र खाली ओढत न्या. आलेख काढला की पृथ्वी मळसूत्रासारखी बाहेर सरकताना दिसते. मुलांना वाटतं सूत्र चुकलं. सूत्र बरोबर असतं. आता एकच बदल करा: आधी वेग बदला आणि तो नवा वेग वापरून जागा बदला. कक्षा बंद होते. दोन ओळींच्या अदलाबदलीनं जग सावरतं, हे ज्या मुलानं स्वतः पाहिलं ते पुढे कुठल्याही पडद्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. मग आडवा वेग ८.८८६ करा आणि मघाचा मुक्तिवेग स्वतःच्या आलेखात बघा.

अंतरांसाठी मात्र पडदा बंद करून मैदानात जा, पडद्यावर ती कधीच अंगाला लागत नाहीत. १४ सेंटिमीटरचं खरबूज म्हणजे सूर्य. त्याच्यापासून १५ मीटरवर मोहरीचा दाणा, ती पृथ्वी. दाण्यापासून ४ सेंटिमीटरवर चंद्र. ७८ मीटरवर खेळायची गोटी ठेवा, तो गुरू. नेपच्यून साडेचारशे मीटरवर, म्हणजे शाळेच्या फाटकाबाहेर. आणि पुढचा तारा? साधारण ४००० किलोमीटरवर, मुंबईहून सिंगापूर एवढ्या लांब. वर्गात परतल्यावर सेलेस्टियात सप्तर्षींकडे प्रवास करा. मधले पाच तारे सुमारे ८० प्रकाशवर्षांवर आहेत आणि एकत्रच प्रवास करतात, क्रतू १२३ वर आणि मरीची १०४ वर. बाजूनं पाहिलं की पतंगाचा आकार मोडतो. मैदान आधी झालेलं असलं तरच या प्रवासाला वजन येतं.

व्यवस्थेचं थोडं. एका यंत्रावर तीन मुलं: एक माउसवर, एक वहीवर, एक पट्टी किंवा गणकयंत्रावर, आणि दर दहा मिनिटांनी जागा बदलायच्या. नाहीतर माउस एकाच मुलाकडे राहतो आणि मुली बहुतेक वेळा वहीवरच राहतात. हे मी खूप उशिरा नीट पाहिलं, तुम्ही पहिल्या दिवसापासून पाहा. स्टेलेरियम सगळ्या यंत्रांवर आदल्या दिवशी उघडून बघा, जुन्या यंत्रांवर ग्राफिक्स ड्रायव्हरमुळे ते अडतं. जिथे अडेल तिथे फेट चालवा. स्थान म्हणून तुमचं गावच भरून ठेवा, पॅरिसचं आकाश दाखवून उपयोग नाही.

आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या तासाला हे एक काम द्या. साताऱ्याच्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, १० मेच्या आसपास आणि ऑगस्टच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत. ऑगस्टमध्ये शाळा असते पण आभाळ भरलेलं असतं, मेमध्ये ऊन असतं पण शाळा नसते. म्हणून प्रत्येकानं स्टेलेरियममध्ये आपल्या गावासाठी सूर्याची उंची ९० अंशांच्या सगळ्यात जवळ कुठल्या तारखेला आणि किती वाजता जाते ते शोधून वहीत लिहायचं. दुपारी १२ असं लिहिणाऱ्यांना आत्ता दुरुस्त करू नका. वेळ साडेबाराच्या सुमारास येते, कारण आपलं घड्याळ ८२.५ रेखांशावर चालतं आणि आपण ७४ वर राहतो. मग त्या दिवशी अंगणात सपाट फरशीवर भरलेली पाण्याची बाटली उभी करायची आणि सावली बाटलीखाली नाहीशी होते तो मिनिट टिपायचा. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या तासाला वहीतला आकडा आणि अंगणातला आकडा शेजारी शेजारी मांडायचे.